रोजचं वचन वाचता, पण कधी अंगी लागलं का? अनुभव सांगा

ऐरोलीची ताई
सलाम सगळ्यांना. घरात रंगकाम चालू आहे म्हणून माळा रिकामा केला आणि पपांचं बायबल सापडलं. पुठ्ठा सुटलेला, मधे लोकलचा जुना पास. त्यातल्या लेवीय पुस्तकाचा १९वा अध्याय उघडला तर १३व्या वचनाशेजारी समासात पेन्सिलीने बारीक अक्षरात नुसत्या तारखा आणि प्रत्येकीपुढे 'दिले'. मजुराची मजुरी सकाळपर्यंत आपल्याकडे ठेवू नकोस, ते वचन. एकदम आठवलं, पपा प्लंबरला, इस्त्रीवाल्याला कधी 'उद्या ये' म्हणायचे नाहीत, एकदा तर लाईट गेलेली असताना टॉर्च घेऊन सुताराच्या घरी दिघ्याला गेले पैसे द्यायला, मम्मी जाम चिडलेली कारण आमटी गार झाली. आम्हाला वाटायचं स्वभावच तसा. आणि काल मी रंगाऱ्याला सांगितलं, आता सुट्टे नाहीत, सोमवारी बघू. फोनवरून पैसे जातात तरी!! तुमचं सांगा.

घणसोलीकर
लेवीयाचा समास भरलाय म्हणजे पपा खरंच वाचायचे. आमचं दर १ जानेवारीला जोरात सुरू होतं, ११८९ अध्याय, रोज ३ आणि रविवारी ५ केले की वर्षात संपतं. उत्पत्ती, निर्गम धावतं, जानेवारीअखेर लेवीय लागलं की गाडी यार्डात. पण १४वा अध्याय तुमच्या कामाचा आहे ताई, भिंतीला चट्टे आले तर याजक येऊन बघणार, घर सात दिवस बंद, मग आतून खरवडायचं. आमच्या वरच्या मजल्यावरच्यांना पाठवावा म्हणतोय, त्यांच्या बाथरूमचं पाणी आमच्या बेडरूममध्ये उतरतं.

कोपरीची सून
आमच्याकडे नीतिसूत्रे, ३१ अध्याय म्हणून तारखेप्रमाणे. ३१ तारखेला सासूबाई मुद्दाम मोठ्याने वाचतात, ती सद्गुणी स्त्री पहाटे अंधारात उठते वगैरे. मी पोळ्या लाटता लाटता म्हटलं आई, पुढचं २३वं वचन पण वाचा, तिचा नवरा वेशीत वडीलधाऱ्यांबरोबर बसलेला असतो. आमचे हे तेव्हा सोसायटीच्या गेटवर मिटिंगला 😄 त्या दिवसापासून निदान भांडी तरी लावतात.

घणसोलीकर
आणि वर्षात ३१ सात वेळाच येते, नशीब समजा.

ठाणे_वाशी_८_०५
मी ट्रेनमध्ये मोबाईलवर वाचतो. परवा याकोब १, ऐकायला तत्पर, बोलायला सावकाश, रागाला सावकाश. रबाळ्याला एकजण माझ्या बुटावर उभा राहिला आणि मी त्याला जे बोललो ते इथे लिहिता येणार नाही. स्क्रीनवर तेच वचन, आणि तो वाकून वाचत होता. मराठी माणूस निघाला. 'चांगलं आहे, वाचा' म्हणाला आणि कोपरखैरण्याला उतरला. अजून तो दिसला की मी डबा बदलतो.

कोपरीची सून
अरे देवा!! सॉरी म्हणा ना सरळ.

जुना ठाणेकर
आम्ही कॅथलिक, मिस्साची, म्हणजे चर्चमधल्या उपासनेची, रोजची वाचनं ठरलेलीच असतात, रविवारचं चक्र तीन वर्षांचं, बाकीच्या दिवसांचं दोन. फायदा असा की आवडीचं तेवढं निवडता येत नाही. 'भावाशी समेट कर, मग अर्पण आण' हे मी टाळत होतो, ते समोर यायचंच. गावच्या जमिनीवरून सहा वर्षं बोलणं बंद. शेवटी फोन केला. जमिनीचं काही सुटलं नाही, पण त्याच्या नातीचे फोटो येतात आता.

अवांतर, कोणाकडे पंडिता रमाबाईंचं बायबलचं मराठी भाषांतर आहे का? बाईंनी हिब्रू-ग्रीक शिकून साध्या बायकांना कळेल असं केलं, १९२२ ला वारल्या तोवर तेच काम. आजीकडे होतं, वाटणीत कुठे गेलं कळत नाही.

नेरूळची
माझं उलटं. आई गेल्यावर चार महिने बायबल उघडलंच नाही, लोक व्हॉट्सॲपवर आशेची वचनं पाठवायचे, राग यायचा. एका रात्री असंच स्तोत्र ८८ निघालं. ते अंधारातच संपतं, शेवटी पण काही बरं होत नाही. रडले खूप. महिनाभर तेवढंच वाचलं. अंगी लागलं का माहीत नाही, झोप लागली.

ऐरोलीची ताई
@नेरूळची, कधीही फोन कर गं.

कळवा_खारेगाव
ताई रंगारी कसा आहे? स्क्वेअर फुटाला किती घेतो? आमचा ॲडव्हान्स घेऊन गेला तो गेलाच, त्याच्यासाठी वचन असेल तर सांगा.

ऐरोलीची ताई
काम स्वच्छ आहे. आज संध्याकाळी कालचे आणि आजचे दोन्ही दिले, तो म्हणाला मॅडम सोमवारी बोलला होतात ना. काय सांगणार. नंतर समासात तारीख लिहायला गेले तर घरात एक पेन्सिल मिळेना, सगळं सामान चादरीखाली. त्याच्याच कानावरची मागून घेतली.

कळवा_खारेगाव
नंबर द्या ना.