अंगठ्याचं नख पिवळं-जाड झालंय, घरच्या घरी जाईल का?

गमबूट_चाकण

उजव्या पायाच्या अंगठ्याचं नख टोकाकडून पिवळं आणि जाड झालंय, खालून पांढरट भुगा निघतो. साधारण एक तृतीयांश नख असं आहे, मुळाकडचा भाग स्वच्छ. बाकीची नखं ठीक आहेत. कंपनीत दिवसभर सेफ्टी शूज असतात आणि पावसाळ्यात बोटांच्या बेचक्यांत चिखल्या ठरलेल्या. मेडिकलवाल्याने दिलेल्या ट्यूबवर क्लोबेटासॉल, मायकोनॅझोल, निओमायसिन अशी तीन नावं आहेत. शिवाय व्हिनेगर, लसूण, टी ट्री ऑइल, मेंदी असे सल्ले येताहेत. गोळ्या न घेता हे बरं होतं का, आणि नेमकं काय, किती दिवस करायचं? आईच्या नखांनाही असंच आहे. तिला मधुमेह आहे, तिने हेच उपाय केले तर चालतील का?

नखशिखांत

ती ट्यूब आधी बंद करा. क्लोबेटासॉल हे जबरदस्त ताकदीचं स्टेरॉइड आहे. खाज थांबते, लाली जाते, माणूस खूश होतो आणि खाली बुरशी निवांत पसरते. आपल्याकडे नायटे, गजकर्ण हल्ली हटता हटत नाहीत, त्यामागे अशा मिश्र ट्यूबांचा मोठा हात आहे. नखात तर मलम शिरतच नाही, त्यामुळे तिथे फायदा शून्य.

दुसरं, ही बुरशीच आहे हे ठरवून घ्या. जाड, पिवळ्या नखांपैकी जेमतेम निम्म्यांत बुरशी सापडते. बुटाचं टोक आखूड असलं की अंगठ्यावर रोज दाब पडून नख असंच दिसतं. सोरायसिसमध्येही असं होतं. त्यात बहुधा हाताच्या नखांवर टाचणीने टोचल्यासारखे खड्डे असतात, डोक्यात खपल्या असतात. नख हिरवट-काळं झालं तर ते बॅक्टेरियाचं काम. आणि नखात उभी काळी-तपकिरी रेघ रुंद होत चालली असेल किंवा तो रंग मुळाच्या कातडीवर उतरला असेल, तर घरगुती प्रयोग नकोत, थेट त्वचारोगतज्ज्ञ. तो कर्करोगही असू शकतो.

तपासणी सोपी आहे. केओएच, म्हणजे नखाचा भुगा पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये विरघळवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. निकाल बहुधा त्याच दिवशी मिळतो. कल्चरला, म्हणजे प्रयोगशाळेत बुरशी वाढवून पाहायला, मात्र चार आठवडेही लागतात. गोची नमुन्यात होते. टोकाचं कापलेलं नख दिलं तर त्यात बुरशी बऱ्याचदा मेलेली असते. नख शक्य तितकं मागे कापून, निरोगी भागाच्या सीमेजवळचा भुगा खरवडून द्यायला हवा. त्याआधी किमान दोन आठवडे कुठलंही बुरशीचं औषध लावू नका, मेंदी आणि नेलपॉलिशही नको. आणि एक रिपोर्ट निगेटिव्ह आला म्हणून निर्धास्त होऊ नका, लक्षणं तीच असतील तर पुन्हा नमुना द्यावा.

रिपोर्ट पॉझिटिव्ह आला, तर तुमचं वर्णन लॅकरने, म्हणजे नेलपॉलिशसारख्या नखावर लावायच्या बुरशीच्या औषधाने, भागू शकेल असं आहे: एकच नख, निम्म्यापेक्षा कमी, मूळ स्वच्छ. पिवळेपणा मुळापर्यंत गेला किंवा चार-पाच नखं धरली, की नुसत्या लॅकरने वेळ वाया जातो.

अमोरोल्फिन ५ टक्के लॅकर आठवड्यातून एकदा लावतात, फार तर दोनदा. सैल झालेलं नख कापा. मग कागदी कानशीने वरचा जाड थर घासा, अगदी पातळ होईपर्यंत. स्पिरिटच्या बोळ्याने पुसा, लॅकर पूर्ण नखावर आणि टोकाखाली लावा, तीन ते पाच मिनिटं वाळू द्या. पुढच्या वेळी जुना थर स्पिरिटने काढून पुन्हा पहिल्यापासून. लोक घासायचा टप्पा गाळतात आणि मग औषध कुचकामी म्हणतात. जाड नखावर लॅकर म्हणजे गंजावर मारलेला ऑइलपेंट. त्या नखाची कानस दुसऱ्या नखाला लावायची नाही, वापरली की फेकायची.

सायक्लोपिरॉक्स ८ टक्के रोज लावावं लागतं, थरावर थर, आणि सातव्या दिवशी सगळं स्पिरिटने साफ. त्याच्या चाचण्यांत नख पूर्ण बरं होण्याचं प्रमाण दहा टक्क्यांच्याही खाली होतं, हे माहीत असू द्या.

काळाचं म्हणाल तर पायाचं नख महिन्याला एक ते दीड मिलिमीटर वाढतं. अंगठ्याचं नख मुळापासून टोकापर्यंत बदलायला १२ ते १८ महिने. बिघडलेला भाग औषधाने परत स्वच्छ होत नाही, तो पुढे सरकून कापला जातो.

बेचकी

वरचं सगळं मान्य, पण चिखल्या तशाच ठेवून नखाला लॅकर लावणं म्हणजे पैसे पाण्यात. नखातली बुरशी बहुतेक वेळा तिथूनच येते आणि नख बरं झाल्यावर तिथूनच परत येते.

बेचक्यांत टर्बिनाफिन १ टक्का क्रीम दोन आठवडे, दिवसातून एकदा किंवा दोनदा. क्लोट्रिमॅझोल वापरलं तर दिवसातून दोनदा, चार आठवडे. पाचव्या दिवशी खाज जाते आणि बहुतेक जण तिथेच थांबतात. क्रीम तळव्याला आणि टाचेच्या कडेलाही लावा. टाचा कोरड्या पडल्यात म्हणून ज्यावर व्हॅसलीन चोपडतात, तिथल्या बारीक पांढऱ्या खपल्या कित्येकदा बुरशीच्याच असतात. लावण्याआधी बेचक्या पूर्ण कोरड्या करा, आणि तो टॉवेल जांघेला वापरू नका. पायाची बुरशी जांघेत जाण्याचा तो राजमार्ग आहे. अंतर्वस्त्राच्या आधी मोजे घालावेत हा सल्लाही त्याचसाठी असतो, विनोद वाटला तरी.

बुटांचं : दोन जोड आलटून पालटून, म्हणजे प्रत्येकाला वाळायला २४ तास मिळतात. दुसरा जोड मिळत नसेल तर निदान आतला सोल बाहेर काढून ठेवा, बुटात वर्तमानपत्राचे बोळे कोंबा आणि तासाभराने बदला. जुलैत ऊन नसतं, तेव्हा पंख्याखाली. बुरशीची पावडर पायावर टाकता तशी बुटातही टाका. मोजे जेवणाच्या सुट्टीत बदला. धुताना उलटे करून ६० अंशांच्या पाण्यात, कारण गार पाण्याच्या धुण्यात बुरशी तगते.

घरात सगळ्यांची मिळून एकच वजरी आणि एकच नेलकटर असतो ना? ते आधी वेगळं करा. नेलकटर दहा मिनिटं उकळा. पार्लरमध्ये पेडिक्युअर करायचंच असेल तर आपली हत्यारं घेऊन जा.

पळीपंचपात्र

सल्ल्यांपैकी लसूण सगळ्यात वाईट. ठेचून बांधला तर कातडी भाजते, फोड येतात, आणि त्या जखमेतून दुसरंच काही शिरतं. खाण्याचा सोडा निरुपयोगी. पातळ व्हिनेगर हिरव्या नखातल्या बॅक्टेरियावर बऱ्यापैकी काम करतं, पण जाड नखाखालच्या बुरशीपर्यंत ते पोचत नाही. रोज अर्धा तास पाय भिजवून कातडी मात्र पांढरी पडते आणि चिखल्यांना आमंत्रण. टी ट्री ऑइलबद्दलचे पुरावे तुटपुंजे आहेत. काहींना त्याची ॲलर्जी येते, तेव्हा अंगठ्याभोवती लाली आली की थांबा. मेंदीने नख रंगतं, म्हणजे आत काय चाललंय तेच दिसेनासं होतं.

घरी करण्यासारखं आणि दुर्लक्षित असं एक आहे : ४० टक्के युरिया क्रीम. नख फार जाड असेल तर रात्री भोवतीच्या कातडीवर व्हॅसलीन किंवा चिकटपट्टी, फक्त नखावर युरियाचा जाड थर, वर प्लॅस्टिकचा तुकडा आणि टेप. सकाळी मऊ पडलेला भाग खरवडायचा. आठवडा-दोन आठवड्यांत बराच जाडपणा उतरतो आणि मग लॅकर आत शिरतं. युरियाने बुरशी मरत नाही, फक्त वाट मोकळी होते.

गमबूट_चाकण

धन्यवाद. आईचं राहिलं. आणि गोळ्या घ्यायची वेळ आली तर काय असतं?

नखशिखांत

आईंसाठी लसूण, युरिया, गरम पाणी, खरवडणं सगळं बाद. मधुमेहात पायाची संवेदना कमी असू शकते. भाजलेलं किंवा कापलेलं कळत नाही आणि जखम चिघळते. त्यांची नखं सरळ रेषेत कापा, कोपऱ्यात खोल जाऊ नका. जाड नख डॉक्टरकडून किंवा मधुमेही पायांच्या दवाखान्यात कमी करून घ्या. रोज रात्री बेचक्या आणि तळवे कोणीतरी पाहायचे. त्यांच्यासाठी नखाची बुरशी हा केवळ दिसण्याचा प्रश्न नाही. जाड नख शेजारच्या बोटाला घासून जखम करतं.

गोळ्यांत पहिली पसंती टर्बिनाफिनला, २५० मिलिग्रॅम रोज, १२ आठवडे. आधी यकृताची रक्ततपासणी. चाचण्यांत साधारण ७० टक्के लोकांच्या नखातली बुरशी गेली, पण नख पूर्ण स्वच्छ दिसणारे ३८ टक्केच. काहींची चव जाते. लघवी गडद झाली, डोळे पिवळे दिसले तर गोळी बंद आणि डॉक्टरकडे. इट्राकोनॅझोल दर महिन्यात एक आठवडा, २०० मिलिग्रॅम दोनदा, असे तीन महिने देतात. हृदय कमकुवत असलेल्यांना ते नको. कोलेस्टेरॉलच्या सिमवास्टॅटिनसारख्या गोळ्यांशी त्याचं जमत नाही, आणि कॅप्सूल अॅसिडिटीच्या गोळीबरोबर घेतली तर नीट शोषलीच जात नाही. मधुमेह्यांच्या गोळ्यांची यादी लांब असते, म्हणून ती यादी घेऊनच डॉक्टरकडे जा. टर्बिनाफिनला दाद न देणारी ट्रायकोफायटॉन इंडोटिनी ही बुरशी आपल्याकडे पसरली आहे, पण ती मुख्यतः कातडीवर असते. नखात अजून ट्रायकोफायटॉन रुब्रम जास्त सापडते.

बेचकी

औषध लागू पडतंय का हे पाहायला कानशीच्या कडेने निरोगी आणि पिवळ्या भागाच्या सीमेवर एक बारीक आडवी खूण करा, फक्त वरच्या थरापुरती. दर महिन्याला त्याच उजेडात फोटो. खूण पुढे सरकली आणि पिवळा भाग तिच्या पुढेच राहिला, तर चालू ठेवा. पिवळेपणा खूण ओलांडून मुळाकडे आला, तर लॅकरची पुढची बाटली विकत घेण्याआधी डॉक्टर गाठा.