या गोष्टींत तात्पर्य शोधू नका

मुलांच्या पुस्तकांच्या चर्चेत एकांनी म्हटलंय की ऑस्ट्रेलियातल्या मूळ रहिवाशांच्या प्राणिकथा म्हणजे तिकडचं पंचतंत्रच. मला नाही पटत. पंचतंत्रातले प्राणी माणसांना नीती शिकवायला बोलतात. इथे मुळात हा प्राणी असा का, हा डोंगर इथेच का, याची हकीकत असते, आणि ती त्या त्या जागेची असते.

डिक रफ्सी यांचं 'द रेनबो सर्पंट' (१९७५) हे चित्रपुस्तक मिळवाच. रफ्सी उत्तर ऑस्ट्रेलियातल्या मॉर्निंग्टन बेटावरचे, लार्डिल या मूळ रहिवासी समाजाचे चित्रकार. यातला गूरियाला नावाचा प्रचंड साप आपली माणसं शोधत ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकाच्या केप यॉर्क द्वीपकल्पभर सरपटतो आणि त्याच्या वाटेने दऱ्या, खाड्या पडत जातात. दोन भाऊ त्याच्या पोटात गेलेले असतात, ते रंगीत पोपट होऊन बाहेर उडतात. मग चिडलेला साप डोंगर फोडून तुकडे भिरकावतो, तेव्हा जीव वाचवायला पळणारी माणसंच पशुपक्षी होतात. मोठ्या आकाशाखाली चिमुकली माणसं, अशी चित्रं. पोरं पानावरून हलत नाहीत! १९७६ साली याला तिथला सर्वोत्तम चित्रपुस्तकाचा पुरस्कार मिळाला.

सगळं पाणी पिऊन टाकणाऱ्या टिडालिक बेडकाची गोष्ट मात्र अगदी लहानांनाही चालेल. त्याला हसवलं की पाणी बाहेर! आणि अंगात पाणी साठवून जमिनीखाली दडी मारणारे बेडूक तिकडे खरोखरच आहेत.

अशी पुस्तकं विकत घेताना गोष्ट कुठल्या समाजाची ते छापलंय का, तेवढं बघा. नुसतं 'आदिवासी लोककथा' असेल तर मी पुस्तक न घेता परत ठेवते.