अँकरला (जहाजाच्या नांगराला) किती शॅकल (चेनचे ठरावीक लांबीचे तुकडे) सोडायच्या?

नवा थर्ड मेट (जहाजावरचा कनिष्ठ अधिकारी): ओरल (तोंडी परीक्षा) जवळ आली आहे, कोणी म्हणतं खोलीच्या पाच-सहापट चेन सोडा, कोणी वेगळंच सांगतं, नक्की हिशोब काय लावायचा? आणि अँकर धरला हे फॉरवर्डवरून (जहाजाच्या पुढच्या डेकवरून) ओळखायचं कसं?

डेकवाला: हवामान बरं असेल तर खोलीची तिप्पट अधिक ९० मीटर धर. २५ मीटर पाण्यात १६५ मीटर झाले, एक शॅकल २७.५ मीटरची म्हणजे बरोबर ६. वारा वाढणार असेल तर अजून सोड, कारण तळावर आडवी पडलेली चेनच ओढ आडवी ठेवते, ती उचलली गेली की अँकर निसटलाच समज. धरला की चेन पुढे ताणली जाते आणि मग हळूच सैल पडते. ताठच राहून मधेमधे झटके देत थरथरत असेल तर ड्रॅग होतोय (अँकर तळावरून घसटत चाललाय), लगेच ब्रिजला (जहाज चालवतात त्या खोलीला) सांग.

जुना चीफ मेट: वरचं बरोबर. पण पोरं ब्रेक आवळून मोकळी होतात, अरे बार स्टॉपर (चेन अडवून धरणारा आडवा दांडा) कशाला दिलाय? आणि खोल पाण्यात लेट गो (ब्रेक सोडून अँकर मोकळा पडू देणं) नको, गिअरमध्ये ठेवून वॉक बॅक कर (यंत्राने हळूहळू खाली सोड). विंडलास (चेन ओढायचं यंत्र) साधारण ८२.५ मीटर लटकती चेन आणि अँकर उचलायच्या हिशोबाने बनवलेला असतो, त्याहून खोल टाकलास तर वर काढताना रडशील.

नवा थर्ड मेट: थँक्यू सर! स्विंगिंग सर्कलचं (अँकरभोवती जहाज फिरतं त्या वर्तुळाचं) सेंटर जहाज थांबलं तिथलं घ्यायचं ना?

जुना चीफ मेट: नाही रे, अँकर तळाला लागला तेव्हाची बोची (जहाजाच्या पुढच्या टोकाची) पोझिशन. जीपीएस अँटेना मागे असतो, तेवढं अंतर हेडिंगच्या दिशेने पुढे घे.