शब्दचर्चा : प्लास्टिक ‘चिकटवणे’ की ‘सांधणे’?

प्रश्न (कारेलीबाग, बडोदे)

मकरपुरा जीआयडीसीतल्या एका वर्कशॉपसाठी भिंतीवर लावायचा तक्ता मराठीत लिहिते आहे. तिथे धुळे-नंदुरबारकडची बरीच मंडळी कामाला आहेत. विषय आहे प्लास्टिकचे तुकडे एकमेकांना जोडणे. मसुद्यात मी सगळीकडे ‘चिकटवणे’ लिहिलं होतं. फोरमनकाका म्हणाले, “पॉलिप्रॉपिलीनच्या रकान्यात चिकटवणे नको, पोरं फेविक्विक घेऊन बसतील.” मग लिहू काय? आणि ज्या प्लास्टिकला काहीच चिकटत नाही, त्याला एखादा सुटसुटीत मराठी शब्द आहे का?

उत्तर (दांडिया बाजार, बडोदे)

ताई, काकांचं म्हणणं अगदी योग्य आहे. जोडकामाची क्रियापदं आपल्याकडे भरपूर आहेत आणि प्रत्येकाचा माल ठरलेला आहे. कागद खळीने डकवतात. लाकूड सरसाने चिकटवतात. पत्र्याला डाख देतात, आपले गुजराती कारागीर त्याला रेण म्हणतात. हाड आणि दोर सांधतात. ‘जोडणे’ यात कुठेही चालतं, पण त्यातून काम कसं करायचं ते कळत नाही. तक्त्यावर कळायला तेच हवं.

चिकटवण्यात दोन तुकड्यांच्या मध्ये तिसरा पदार्थ येतो आणि तिथेच राहतो. सांधण्यात तिसरं काही उरत नाही, दोन्हींचा जीव एक होतो. पीव्हीसीच्या पाइपाला लावतात ते ‘सोल्यूशन’ बघा. सगळे त्याला गोंद समजतात, पण ते दोन्ही पृष्ठं विरघळवून मऊ करतं, दोन्ही बाजू एकमेकांत मिसळतात आणि द्रावक उडून जातं. ॲक्रिलिकच्या पाट्या करणारे इंजेक्शनच्या सुईने फटीत क्लोरोफॉर्म सोडतात, तेही सांधणंच. जवळून पाहिलंत तर थेंब आपोआप फटीतून पुढे सरकत जातो आणि मधली पांढुरकी रेघ काचेसारखी आरपार होते. जिथे रेघ पांढरीच राहिली, तिथे सांधा झालेला नाही. (हे काम खिडकी उघडी ठेवूनच. ही सूचना तक्त्यात ठळक असू द्या.)

पॉलिथिलीन आणि पॉलिप्रॉपिलीनला नेहमीच्या तापमानाला विरघळवणारं द्रावक वर्कशॉपात मिळत नाही. म्हणून त्यांचं सांधणं उष्णतेनेच. गरम हवेची गन घ्यायची आणि त्याच प्लास्टिकची कांडी. पॉलिप्रॉपिलीन १६० ते १६५ अंशांना वितळतं, एचडीपीई (पॉलिथिलीनचा घट्ट प्रकार) १३० च्या आसपास. एकाची कांडी दुसऱ्यावर चालत नाही. कांडी आणि पत्रा, दोन्हींवर ओलसर चमक आली की मगच दाबायचं. फक्त कांडी मऊ झाली असेल तर गार झाल्यावर ती सबंध दोरीसारखी उचलून हातात येते.

तेव्हा या दोन रकान्यांत ‘सांधणे (गरम हवेने)’ लिहा.

उत्तर (रावपुरा, बडोदे)

मी भाषेच्या बाजूने लिहिते. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाला ‘निर्लेप’ हा शब्द सुचवेन. ज्याला लेप लागत नाही ते निर्लेप. संतांच्या भाषेत तो अलिप्त माणसाचा गुण आहे, आणि औरंगाबादच्या (आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या) ‘निर्लेप’ तव्यांमुळे तो घराघरांत पोचलेला आहे. त्या तव्यांवरचं टेफ्लॉन तर या गोत्रातलं टोकाचं उदाहरण. ‘निर्लेप प्लास्टिक’ म्हटलं की समजावून सांगावं लागणार नाही. कोशातल्या ‘आसंजक’ची (म्हणजे चिकटवायच्या पदार्थाची) मात्र इथे गरज नाही. सयाजीराव महाराजांनी १८९० साली याच गावात कलाभवन काढलं. कारागिराला त्याच्या भाषेत शिकवायची इथली रीत जुनी आहे, ती मोडू नये.

उत्तर (दांडिया बाजार, बडोदे)

‘निर्लेप’ फार गोड शब्द आहे आणि अर्थानेही बरोबर बसतो. तरी वर्कशॉपसाठी मी ‘न धरणारं’ पुढे करेन. कल्हई धरते, रंग धरतो, डाख धरत नाही, हे आपले कारागीर बोलतातच. चिकटवायचा द्रव आधी पृष्ठावर पसरला पाहिजे, आणि त्याचा स्वतःचा ताण पृष्ठाच्या ऊर्जेपेक्षा बराच जास्त असेल तर तो थेंब करून बसतो. पॉलिप्रॉपिलीन आणि पॉलिथिलीनचा आकडा ३० च्या आसपास आहे, टेफ्लॉनचा २० च्याही खाली, एबीएस या कडक प्लास्टिकचा ४० च्या घरात (एकक मिलिन्यूटन प्रतिमीटर). एपॉक्सीचा ताण साधारण ४५, म्हणजे एबीएसच्या जवळ आणि पॉलिप्रॉपिलीनच्या खूप वर. म्हणून अराल्डाइट (एपॉक्सीच ते) एबीएसवर बसतं आणि पॉलिप्रॉपिलीनवरून कडक पापुद्रा होऊन निघतं. फेविक्विकची तीच गत. ते लागतं, कडकही होतं, पण धरत नाही. नुसत्या पॉलिश पेपरने घासूनही काही साधत नाही, कारण द्रव त्या ओरखड्यांत उतरतच नाही.

‘न धरणारं’ म्हणण्यात एक सोय आहे. त्यावरून ‘धरतं करणे’ हे कामाचं नाव आपोआप मिळतं. निळी ज्योत क्षणभर वरून फिरवली, पृष्ठ वितळू दिलं नाही, की तिथे ऑक्सिजन बसतो आणि पृष्ठ धरतं होतं. किंवा पॉलिओलेफिनचा (म्हणजे पॉलिथिलीन-पॉलिप्रॉपिलीनच्या गोत्राचा) प्रायमर लावायचा. झालं की नाही ते पाण्याने कळतं. पाणी थेंब-थेंब गोळा झालं तर अजून नाही, सलग पातळ थर राहिला तर झालं. हा परिणाम हळूहळू ओसरतो, म्हणून चिकटवायचं त्याच दिवशी. पॉलिप्रॉपिलीनला न घासता, न भाजता धरणारे दोन भागांचे खास ॲक्रिलिकही मिळतात, फक्त महाग असतात. ‘निर्लेप’मध्ये हा बदल मावत नाही. तो स्वभाव झाला, आणि इथे पृष्ठाचा स्वभाव पालटता येतो.

प्लास्टिकची नावं मात्र भाषांतरित करू नका. पीपी (पॉलिप्रॉपिलीन), एचडीपीई हेच लिहा. आयपीसीएल ही पेट्रोकेमिकल्सची सरकारी कंपनी १९६९ साली आपल्याकडे स्थापन झाली आणि २००७ मध्ये रिलायन्समध्ये विलीन झाली. तिथे हयात घालवलेल्या माणसांच्या घरांत ‘पीपी’ हा घरगुती शब्द आहे. तुकड्याच्या पाठीवर त्रिकोणात २ किंवा ४ असेल तर पॉलिथिलीन, ५ असेल तर पीपी. खूण नसेल तर चतकोर तुकडा पाण्यात टाका. ही दोन्ही तरंगतात, एबीएस आणि पीव्हीसी बुडतात.

प्रश्नकर्ती

‘धरतं करणे’ घेतलं. पेचांच्या रकान्यात ‘आवळणे’ चालेल ना?

उत्तर (मकरपुरा, बडोदे)

चालेल, पण शेजारी ‘बेताने’ लिहा. प्लास्टिकचा पेच वेगळा येतो, आटे विरळ आणि धारदार. पत्र्याच्या पेचाच्या आट्याचा कोन ६० अंश, याचा ३० च्या आसपास. त्यामुळे तो प्लास्टिकला बाहेर न ढकलता आत कापत जातो आणि भोकाची भिंत फुटत नाही. तोच भाग वारंवार उघडायचा असेल तर पितळी इन्सर्ट (आतून आटे पाडलेली नळी) गरम करून बसवा. रिबीट मारताना खाली मोठा वायसर हवाच.

बिघाडाचेही दोन शब्द वेगळे ठेवा. ‘आटे गेले’ म्हणजे जास्त आवळलं. ‘सैल पडला’ म्हणजे दाबाखाली एचडीपीई सावकाश सरकलं. पहिल्यात चूक हाताची, दुसऱ्यात मालाचा गुण. एचडीपीईच्या मोठ्या पत्र्याला लांबट भोकंच पाडा. बडोद्याच्या जानेवारीतल्या पहाटेपासून मेच्या दुपारपर्यंत ३० अंशांचा फरक सहज पडतो आणि मीटरभर पत्रा तेवढ्यात चार-पाच मिलिमीटर वाढतो. पेच हलू नये म्हणून लावायचं लॉकिंगचं औषध एबीएस आणि पॉलिकार्बोनेटवर वापरू नका, त्याने प्लास्टिक तडकतं.

प्रश्नकर्ती

शेवटचं. एका रकान्याचं शीर्षक ‘सुकण्याची वेळ’ आहे. ते सगळ्यांना लागू पडतं का?

उत्तर (दांडिया बाजार, बडोदे)

नाही. फेविकॉल वाळतो, त्यातलं पाणी जातं. एपॉक्सी आळतं, दोन भाग एकमेकांशी संयोग पावून घट्ट होतात आणि उडून काहीच जात नाही, म्हणून पंखा लावून ते लवकर होत नाही. ग्लूगनची कांडी थिजते, नुसती गार झाली की पुरे. फेविक्विक पृष्ठावरच्या दमटपणाने घट्ट होतं, म्हणून पावसाळ्यात ते भराभर धरतं आणि कोरड्या थंडीत थोडं थांबावं लागतं. शीर्षक ‘किती थांबायचं’ असं ठेवा आणि प्रत्येक ओळीत त्याचं त्याचं क्रियापद लिहा. एपॉक्सीसमोर ‘आळेपर्यंत, पंखा नको’ एवढं लिहिलंत तरी पोरं विचारायला येणार नाहीत.