अ‍ॅक्रोपोलिसच्या खाजगी भेटीसाठी ५,००० युरो मोजावेत का? मदत हवी आहे

मंडळी, मे महिन्यात ग्रीसमध्ये अथेन्सला, तिथल्या अ‍ॅक्रोपोलिस टेकडीवरची प्राचीन देवळं बघायला जायचं घाटतंय. आई-बाबा, नवरा, लेक आणि मी. आई शाळेत इतिहास शिकवायची. त्या टेकडीवरचं मुख्य देऊळ, पार्थेनॉन, तिनं फळ्यावर इतक्यांदा काढलंय की पुढे आठ खांब, लांबीला सतरा, हे मलाही पाठ आहे. आता प्रत्यक्ष बघायचंय, पण "जत्रेत घुसल्यासारखं नको," ही तिची एकच अट.

लंडनहून दादानं शोधून काढलं की २०२४ पासून तिथे नेहमीच्या वेळेबाहेर गाइडसह खाजगी भेट मिळते. सकाळी ७ ते ९ किंवा रात्री ८ ते १०, गटात जास्तीत जास्त पाच जण, गटाचे ५,००० युरो. म्हणजे पाच लाखांच्या घरात! आम्ही नेमके पाच, त्यामुळे दादा भलताच खूश आहे, निम्मे पैसे द्यायलाही तयार. आईला आकडा सांगितला तर म्हणाली, "एवढ्यात मी अख्ख्या वर्गाला वेरूळ दाखवून आणीन."

साधं तिकीट माणशी ३० युरो, वेळ आधी ठरवून घ्यायची. दिवसाला वीस हजार पर्यटकांची मर्यादा आहे म्हणे. पण वीस हजार म्हणजे काय कमी झाले? शिवाय बाबांचे गुडघे. कुणी गेलं असाल तर सांगा, साध्या तिकिटात निवांत बघता येतं का?

प्रतिसाद १
ताई, सकाळच्या वेळेसाठी तर मुळीच देऊ नका. आठला गेट सगळ्यांसाठी उघडतं, म्हणजे खरा एकांत एकच तास. त्यापेक्षा आठचं साधं तिकीट काढा आणि फक्त तुमच्यापुरता गाइड ठरवा. सरकारी परवाना असलेलाच घ्या, बाकीच्यांना आत माहिती सांगायची मुभा नाही. डायोनिससच्या नाट्यगृहाकडच्या दक्षिणेच्या दारानं शिरा. मुख्य दारापेक्षा तिथे रांग लहान असते.
वरचा संगमरवर पावलांनी घासून काचेसारखा गुळगुळीत झालाय, चपला नकोत, पकड असलेले बूट घाला. ज्यांना चढणं जमत नाही त्यांच्यासाठी उत्तरेच्या कड्याला लिफ्ट आहे, पण वारा जोराचा असला की बंद ठेवतात. उन्हाळ्यात उष्णतेची लाट आली तर भर दुपारी सगळी टेकडीच बंद करतात, त्यामुळे दुपारची वेळ नकोच.

प्रतिसाद २
रात्रीची वेळ मिळत असेल आणि दादा देतोय, तर मी तरी नाही म्हणणार नाही :) पण आईंना इतिहासाची आवड आहे, तर सगळा खेळ गाइडवर आहे. त्याला पार्थेनॉनच्या पायऱ्यांची वक्रता दाखवायला सांगा. डोळा पायरीच्या रेषेत आणून बघितलं की मधला फुगवटा दिसतो. देवळात सरळ रेषा जवळजवळ नाहीच. आणि १६८७ ची गोष्ट विचारा. तुर्कांनी आत दारूगोळा साठवला होता, त्यावर व्हेनिसच्या तोफेचा गोळा पडला. दोन हजार वर्षं उभ्या असलेल्या देवळाचं छप्पर तेव्हा उडालं.
टेकडीखालच्या संग्रहालयासाठी वेगळा अर्धा दिवस ठेवा. शुक्रवारी रात्री दहापर्यंत उघडं असतं. वरच्या मजल्यावर पार्थेनॉनचा शिल्पपट्टा देवळावर जसा होता तशाच दिशेनं मांडलाय, आणि काचेतून समोर खरं पार्थेनॉन. बाबा तिथे खुशाल बसून बघू शकतील. एरेक्थिऑन या टेकडीवरच्या दुसऱ्या देवळाच्या सहा स्तंभकन्यांपैकी (खांबांच्या जागी उभ्या असलेल्या स्त्रीमूर्तींपैकी) पाच इथेच आहेत. टेकडीवर दिसतात त्या नकला.

धागाकर्ती
दोघांचेही आभार. प्रतिसाद आईला वाचून दाखवले. तिनं लगेच विचारलं, सहावी कुठे? ब्रिटिश म्युझियममध्ये, म्हटल्यावर म्हणाली, "मग दादाला सांग, त्याचे अडीच लाख ठेव, आम्ही तुझ्याकडेच येतो." दादा गप्प आहे.

तर साधं तिकीट, आठची वेळ आणि परवानाधारक गाइड हे नक्की. आता फक्त बाबांच्या लिफ्टचं सांगा. ते काठी घेऊन चालतात, व्हीलचेअर नाही. डॉक्टरांचं पत्र सोबत ठेवावं का, आणि कुणाला आधी ईमेल केली होती का?