मदत हवी आहे : बकुळीची साल तीन बाजूंनी काढली गेली आहे, पावसाळ्यापूर्वी काय करावे?

नमस्कार. विलेपार्ले पूर्वेला आमच्या सोसायटीच्या आवारात एक बकुळ आहे. १९७२ साली, दुष्काळाच्या वर्षी, माझ्या वडिलांनी ती लावली आणि पाणी जपून वापरावे लागत असल्याने आई तांदूळ धुतलेले पाणी साठवून तिला घालत असे. आज तिच्या बुंध्याचा घेर छातीच्या उंचीला १३० सेंटीमीटर आहे. ही बकुळ आता जगेल की नाही, या काळजीने हा धागा काढत आहे. झाडांची माहिती असलेल्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

झाले ते असे. आमच्या इमारतीतील एका वयस्कर काकांच्या हिरड्यांतून रक्त येत असे. बकुळीच्या सालीच्या चूर्णाने दात घट्ट होतात, असा संदेश त्यांना मोबाइलवर आला आणि त्यांनी तळहाताएवढी साल काढली. त्यांना बरे वाटल्याचे ऐकून शेजारच्या इमारतींतूनही लोक येऊ लागले. मी पंधरा दिवस गावी होतो. परत आल्यावर पाहिले, तर जमिनीपासून दोन फुटांवर सुरू होऊन चार फुटांपर्यंत बुंधा तीन बाजूंनी सोललेला होता. भिंतीकडच्या बाजूला हात पोहोचत नाही, म्हणून तिथली साल तेवढी शिल्लक आहे. कोयत्याच्या घावांच्या कडेला पांढरा चीक ओघळून, साकळून तपकिरी झाला आहे आणि उघड्या लाकडावर बारीक उभ्या चिरा दिसू लागल्या आहेत.

हा उपयोग कोणाच्या मनातला नाही, हे मला ठाऊक आहे. भावप्रकाश या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथातल्या पुष्पवर्गात बकुळीचे गुण सांगताना दातांच्या विकारांचा उल्लेख येतो. साल तुरट असते, तिच्यात टॅनिन असते आणि सालीच्या काढ्याने गुळण्या करण्याची रीत कोकणातल्या घरांतही होती. तिथे हिला ओवळ म्हणतात. माझी आजी मात्र साल काढायची ती वठलेल्या किंवा वादळात मोडलेल्या फांदीची. उभ्या बुंध्याला विळा लावलेला मी तिच्या हातून कधी पाहिला नाही.

याला दुसरी एक गोष्ट जोडली गेली आहे. मार्चमध्ये आवारात पेव्हर ब्लॉक बसवताना ते अगदी खोडाला भिडवले आणि सांधे सिमेंटने भरले. मी तेव्हाच हरकत घेतली होती, पण गाड्या उभ्या करायला जागा हवी, असे उत्तर मिळाले. त्यामुळे मुळांना आता वरून पाणीही मिळत नाही आणि हवाही नाही.

मला चक्रावून टाकणारी बाब अशी की झाड वरून पूर्ण निरोगी दिसते. पाने तशीच गर्द हिरवी, चकचकीत, कडेला लाटा असलेली. पहाटे फुलांचा सडाही पडतो. त्यावरून सोसायटीतील बहुतेकांचे मत झाले आहे की साल आपोआप भरून येईल. माळी म्हणतो, वरचा भार कमी करण्यासाठी निम्म्या फांद्या छाटा. एकाने जखमेवर डांबर फासण्याचा सल्ला दिला, तर दुसऱ्याने शेणमाती लिंपायला सांगितली. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस सुरू होईल आणि उघडे लाकूड चार महिने भिजत राहील. यांपैकी काय करावे, काय मुळीच करू नये आणि उरलेल्या सालीवर झाड तग धरू शकते का, हे कोणी सांगू शकेल का?

प्रतिसाद १

मी अनेक वर्षे फळबागांत काम केले आहे. बकुळ ही चिकू आणि खिरणीच्या कुळातली, त्यामुळे चिकवाल्या झाडांच्या जखमा माझ्या ओळखीच्या आहेत.

पाने हिरवी आहेत, यावर विसंबू नका. मुळांकडून पाणी वर जाते ते आतल्या लाकडातून, आणि ते लाकूड शाबूत आहे. पानांत तयार झालेली साखर खाली उतरते ती मात्र सालीच्या आतल्या थरातून. तो थर तुटला की मुळे साठवलेल्या अन्नावर काही महिने काढतात आणि झाड वरून हिरवे दिसत असतानाच खालून उपाशी राहते. पूर्ण वेढा सोलला असता, तर आशा फारच थोडी होती. भिंतीकडची पट्टी वरपासून खालपर्यंत सलग असेल, तर तिच्यावर झाड जगू शकते. म्हणून आधी ती पट्टी मोजा आणि तिच्यात कुठे आडवा घाव नाही ना, हे हात फिरवून पाहा.

छाटणी अजिबात करू नका. पाने कमी झाली, तर मुळांना मिळणारे अन्न आणखी घटेल. डांबर, ऑइल पेंट, सिमेंट यांपैकी काहीही लावू नका, कारण त्यांच्या आड ओल साठून लाकूड कुजते. शेणमातीही पावसात तेच करील. धारदार, स्वच्छ सुरीने सुटलेल्या सालीच्या लोंबत्या कडा तेवढ्या काढा आणि जिवंत सालीला धक्का लावू नका. कडेपासून दोन बोटे जागा सोडून फक्त कोरड्या पडलेल्या लाकडावर बोर्डो पेस्ट, म्हणजे बुरशी रोखणारा लेप, लावा. मोरचूद १ किलो, चुना १ किलो, पाणी १० लिटर हे तिचे प्रमाण. तुम्हाला १०० ग्रॅम, १०० ग्रॅम आणि १ लिटर पुरेल. मोरचूद प्लास्टिकच्या किंवा मातीच्या भांड्यात विरघळवा, लोखंडाच्या नाही. तयार पेस्टमध्ये चाकूचे पाते मिनिटभर बुडवा. त्यावर तांबूस थर चढला, तर चुना कमी पडला आहे, आणखी घाला.

पेव्हर ब्लॉकचे काम तितकेच तातडीचे आहे. दिल्लीतील झाडांबाबत राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१३ साली खोडाभोवती एक मीटर जागा मोकळी ठेवण्याचा आदेश दिला होता, तोच हिशेब धरा. पहार वापरू नका, मुळे तुटतील. ब्लॉक हाताने सोडवा आणि सुकलेल्या पानांचा थर पसरा, मात्र तो खोडाला टेकू देऊ नका.

आणखी एक. झाडे जतन करण्याच्या १९७५ च्या कायद्यात झाडाला कोणत्याही प्रकारे इजा करणे हेही तोडण्यातच धरले आहे. २०२१ च्या दुरुस्तीनुसार ५० वर्षांवरचे झाड वारसा वृक्ष ठरते आणि तुमची बकुळ त्यात बसते. महापालिकेच्या उद्यान विभागाला फोटोंसह लेखी कळवा. यातून शेजाऱ्यांना त्रास व्हावा असा हेतू नाही, पण लेखी नोंद असली की पुढचा कोयता थांबतो.

प्रतिसाद २

मी आयुर्वेदाचा व्यवसाय करते, म्हणून औषधापुरते लिहिते. बकुळीची साल भुलेश्वर-काळबादेवीकडच्या काष्ठौषधींच्या दुकानांत मिळते. तिथे मौलसिरीची छाल म्हणून मागितली तरी चालते. गुळण्यांच्या काढ्याला दोन चमचे भरड पुरते, त्यासाठी झाड सोलण्याची गरजच नाही. हलत्या दातांसाठी कच्चे फळ चावण्याचा उपायही परंपरेत आहे आणि फळ तोडल्याने झाडाचे काही बिघडत नाही. काकांच्या हिरड्यांतून वारंवार रक्त येत असेल, तर त्यांना आधी दंतवैद्याकडे न्या.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. आज सकाळी पट्टी मोजली. सर्वांत अरुंद जागी ती ३८ सेंटीमीटर आहे आणि एके ठिकाणी बोटभर घाव सोडला, तर सलग आहे. उघड्या लाकडावर नख ओढून पाहिले. सगळीकडे कोरडे लागले, फक्त वरच्या कडेखाली चार बोटे जागेत किंचित ओलसर, बुळबुळीत थर जाणवला. तिथे पेस्ट लावणार नाही.

दंतवैद्याची वेळ घेतली आहे, हे सांगायला मी काकांकडे गेलो होतो. त्यांनी फोटो बराच वेळ पाहिला आणि संध्याकाळी स्वतः खाली येऊन माझ्याबरोबर ब्लॉक काढले. तीन बाजूंचे निघाले. भिंतीकडचे सिमेंटात घट्ट बसले आहेत आणि नेमकी त्याच बाजूची साल जिवंत आहे. तिथे छिन्नी-हातोडी चालवली, तर हादऱ्याने साल सुटण्याची भीती वाटते. ते ब्लॉक पावसाळा संपेपर्यंत तसेच राहू द्यावेत का, की काढण्याची काही सुरक्षित रीत आहे?