टाके निघाले, जखम भरली, पण व्रण वाढतच चालला

पऱ्हाटीवाला, दारव्हा
पोळ्याच्या आधी वादळात गोठ्यावरचं टिन उडालं अन् खांद्यावर बसलं. टाके घातले, धनुर्वाताचं इंजेक्शन झालं, जखम मस्त भरली. आता कापसाचा दुसरा वेचा चालू हाय तं व्रण बोटाएवढा जाड झाला. लाल, चमकदार, अन् टाक्यायच्या बाहेर सरकून राह्यला. घामानं अशी खाज सुटते का विचारू नका! वेचणीची झोळी त्या खांद्यावर टेकवताच येत नाही. आजी म्हणते बिब्बा घाल, बसून जाईन. शेजारी म्हणते कापूनच टाक. मेडिकलवाल्यानं व्हिटॅमिन ई देलं, थे चोळून पाह्यलं, फरक नाही. काय करू?

वर्धेची सिस्टर
भाऊ, बिब्बा अजिबात नको. त्याच्या तेलानं कातडी भाजते, फोड येतात. म्हणजे व्रणावर आणखी एक जखम. व्हिटॅमिन ईनं व्रण बसतो असं सिद्ध झालेलं नाही, उलट काहींना पुरळ उठतं.

जाड व्रण दोन तऱ्हेचे. एक जखमेच्या हद्दीत राहतो आणि वर्ष-दीड वर्षात बरेचदा आपसूक उतरतो. दुसरा बांध ओलांडून शेजाऱ्याच्या वावरात शिरतो, तो केलॉइड. खांदा, छाती, कानाची पाळी इथं तो जास्त होतो. जखम भरली तरी कातडी कोलॅजन, म्हणजे जखम सांधणारं प्रथिन, बनवायचं थांबत नाही, म्हणून हे. तुमचं वर्णन केलॉइडचंच वाटतं, पण डॉक्टरांनी पाहायला हवं. यवतमाळच्या वसंतराव नाईक मेडिकल कॉलेजात त्वचारोग विभाग आहे, तुम्हाला तेच जवळ.

तिथं बहुधा व्रणातच ट्रायमसिनोलोन नावाचं स्टेरॉइड टोचतील, 4 ते 6 आठवड्यांनी पुन्हा. टोचताना दुखतं, खोटं कशाला सांगू. डोस चुकला तर कातडी पातळ, पांढरी पडते, म्हणून गावातल्या कुणाकडूनही टोचून घेऊ नका. सोबत सिलिकॉनची पट्टी, दिवसाला निदान 12 तास, दोन-तीन महिने तरी. घामात ती टिकत नाही. वावरातून आलं की अंग धुऊन, कोरडं करून लावायची ती सकाळपर्यंत.

कारंजेकर
नुसता कापू नको बावा. माझा छातीवरचा कापला, तं पहिल्यापेक्षा मोठा होऊन परत आला. दुसऱ्या खेपेला नागपुरात कापल्याबरोबर रेडिएशन देलं, तवा कुठं थांबला. हे पहिल्याच खेपेला कोणी सांगाले पाह्यजे होतं.

पऱ्हाटीवाला
कापायचं रद्द. सिस्टर, एक विचारतो. माह्या बापाच्या कानावरही अशीच गाठ होती. पोराचे कान टोचायचे हायेत, त्याले होईन का?

वर्धेची सिस्टर
होईलच असं नाही, पण हे घराण्यात चालतं. वडिलांना होतं, तुम्हाला आहे, तर मी तरी टोचणार नाही. यवतमाळला जाल तेव्हा त्यालाही सोबत न्या आणि वडिलांच्या गाठीचं डॉक्टरांना आठवणीनं सांगा.

पऱ्हाटीवाला
सोमवारी जातो. आजीले बिब्ब्याचं तुमीच फोनवर समजावून सांगसान का?